अंगठा आणि टाच

“मूठ उघड,” तोमासा नवऱ्याला म्हणाली.

एलादिओने उघडली नाही. उजवा अंगठा मुठीत दाबून तो कातडीच्या डॉक्टर नाइबेंच्या समोर बसला होता.

“मेदेयीनच्या मोठ्या दवाखान्यातून आल्यापासून हे असं आहे,” तोमासाने सांगितलं. “जेवतोसुद्धा डाव्या हाताने. तिथल्या डॉक्टरने नखातली काळी रेघ बघितली आणि म्हणाला, कॅन्सर दिसतोय, अंगठा पेरापासून काढावा लागेल.”

“मग क्लॅरिनेट काय नाकावर तोलू?” एलादिओ भिंतीकडे बघत म्हणाला.

किब्दो शहरात त्याला न ओळखणारं कोणी नव्हतं. सान पाचोच्या उत्सवात त्याने सूर लावल्याशिवाय मिरवणूक हलत नसे. आणि क्लॅरिनेटचा सगळा भार असतो उजव्या अंगठ्यावर.

“काका, माझ्याकडे सुरी नाही. नुसतं भिंग आहे,” नाइबे म्हणाल्या. “बघू तर द्या.”

मूठ हळूहळू सुटली. नाइबेंनी दिव्याचं भिंग नखाला टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. रेघ सरळ होती, तपकिरी, कडा सारख्या. नखाच्या मुळाशी कातडीवर रंग उतरलेला नव्हता.

“कधीपासून आहे?”

“लग्नात होती,” तोमासा म्हणाली. “मला वाटलं, नवरदेव भिंत रंगवून आलाय.”

“दुसरा हात दाखवा.”

डाव्या हाताच्या नखांतही तशाच रेघा होत्या, जरा फिकट. नाइबेंनी हातमोजे काढले आणि स्वतःची बोटं टेबलावर पसरली. त्यांच्याही दोन नखांत रेघा होत्या.

एलादिओ दचकला. “तुम्हालाही कॅन्सर?”

“नाही हो! आपल्यासारख्या काळ्या रंगाच्या माणसांच्या नखांत वयाबरोबर असा रंग उतरतो. एकच रेघ असती, रुंद होत चालली असती, तर मी तुम्हाला सोडलंच नसतं. तुमची तशी नाही. फोटो काढून ठेवते, अधूनमधून दाखवत जा. अंगठा तुमचाच आहे, घरी न्या.”

“मग त्या डॉक्टरला का नाही कळलं?”

“तो ज्या पुस्तकातून शिकला, त्यातूनच मीही शिकले, काका. त्यात आपल्यासारखा एकही हात नव्हता. मी ते सगळं पाठ केलं, पहिली आले, आणि घरी येऊन बघते तर आईच्या पाठीवरचं पुरळ मला ओळखता येईना. पुस्तकात ते लाल होतं, आईच्या पाठीवर जांभळं. तेव्हाच ठरवलं, किब्दोला परत यायचं आणि आपल्याच माणसांची कातडी वाचायला शिकायचं.”

पण एलादिओ आता ऐकायला थांबलाच नव्हता. तो अंगठा उंच धरून बाहेर पळाला होता.

“नखं दाखवा रे! सगळ्यांनी नखं दाखवा!”

बाकांवर बसलेल्या माणसांनी हात पुढे केले. मासेवाल्या बाईला रेघा निघाल्या, शाळामास्तरांना निघाल्या. नावं लिहून घेणारी यामिलेत तर नखांचा गुलाबी रंग खरवडू लागली. “मला निघाली! मलाही आहे!” असा गलका उठला, जणू सोडतीत बक्षीस लागत होतं.

“हाताचं काय घेऊन बसलात,” तोमासा म्हणाली, “माझ्या पायांनाही आहेत!” तिने चप्पल भिरकावली आणि पाय बाकावर ठेवला.

दारात उभ्या नाइबे हसत होत्या. मग त्यांचं हसू थांबलं. तोमासाच्या टाचेवर, आतल्या अंगाला, मसुराएवढा डाग होता.

“काकू, हा कधीचा?”

“तो होय? काटा रुतला असेल.”

“आत या.”

“अगं पोरी, मी याला दाखवायला आलेय.”

“आत या, काकू.”

तळव्याच्या कातडीवर शेतासारखे सऱ्या-वरंबे असतात. साधा डाग असला तर रंग सऱ्यांत साचतो. भिंगाखाली इथे तो वरंब्यांवर चढलेला दिसत होता, कुठे काळा, कुठे तपकिरी. नाइबेंनी भिंग बाजूला ठेवलं. काय असू शकतं ते त्यांनी तोमासाला सरळ सांगितलं, आणि हेही, की डाग अजून लहान आहे.

मागोमाग आत आलेला एलादिओ खाली बसला आणि बायकोचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

“काढून टाका, डॉक्टर. टाचच ना? हिला मी एका पायावर नाचवेन.”

“आता आलं याला शौर्य,” तोमासा म्हणाली. “अंगठ्याच्या वेळी कुठे गेलं होतं, मेल्या?”

डाग निघाला तो कॅन्सरच. पण पातळ होता, खोल गेला नव्हता. शस्त्रक्रियेत तो पूर्ण काढता आला. त्या वर्षी सान पाचोच्या मिरवणुकीत तोमासा नाचली नाही. दारात खुर्ची टाकून, पाय उशीवर ठेवून बसली आणि चुकीच्या ठेक्यावर पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारून शिव्या दिल्या.

उत्सव संपल्यावर एका सकाळी नाइबे दवाखान्यात आल्या, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत तोमासा काठी टेकून उभी होती. गल्लीतल्या सगळ्या बाया तिने गोळा करून आणल्या होत्या. अत्रातो नदीच्या वरच्या गावांतून होडीने आलेल्याही काही होत्या. बाकांवर ओळीने तळवे मांडून सगळ्या बसल्या होत्या, भेगाळलेले, गुलाबी, पिवळट, नाना तऱ्हेचे.

“या म्हणत होत्या, नखं दाखवायला जाऊ,” तोमासा म्हणाली. “मी म्हटलं, नखं घरी बघा. कुणी कधी बघत नाही, ते दाखवा.”

नाइबेंनी पिशवी ठेवली, भिंग घेतलं आणि सरळ जमिनीवर बसल्या. पहिल्याच म्हातारीने लाजून पाय ओढून घेतला.

“थांब ग पोरी, चिखल आहे. पुसते.”

“राहू द्या, आजी,” नाइबे म्हणाल्या आणि तो पाय मांडीवर घेतला.