पायाळूची लाथ

जोमा मुकादमाला चौघांनी बाजेवर घालून खारी गावात आणलं आणि चांगुणाच्या अंगणात उतरवलं. मिठागराच्या बांधावर चप्पल सरळ करायला तो वाकला होता, तो तसाच अडकला. उसण भरली होती. बाजेचा एक पाय चांगुणाच्या नवऱ्याने, रामनाथनेच धरला होता.

चांगुणा पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाने कमरेवर लाथ मारली की उसण उतरते, म्हणून आसपासच्या गावांतून लोक तिच्याकडे यायचे, पालथे पडायचे आणि लाथ खाऊन चालत घरी जायचे. तिची स्वतःची कंबर मात्र कशानेच बरी झाली नव्हती.

ती आत भुईवर उताणी पडली होती. गुडघे उभे, कमरेखाली गरम मिठाची पुरचुंडी. रोज दुपारी एवढं केलं नाही तर संध्याकाळी तिला चुलीपुढे बसता येत नसे. हाक ऐकून ती कुशीवर वळली, कोपर टेकून गुडघ्यांवर आली आणि खांब धरून उभी राहिली. घाई केली की कळ थेट टाचेपर्यंत जायची.

बाजेवर कोण आहे ते पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ती जोमाच्या हाताखाली मीठ वाहत होती. कंबर धरलीय, जरा बसू द्या, असं तिने सांगितलं, तेव्हा त्याने तिच्या टोपलीत आणखी मीठ भरायला लावलं. खाडीत लागलेल्या मिठाच्या पडावावर चढायच्या फळीवरून ती पाठीवर पडली. "सूज न्हाय, रगत न्हाय. सोंग हाय निस्तं," तो सगळ्या टोळीपुढे म्हणाला होता. तो शब्द तिला चिकटला. विहिरीवरच्या बायकांनी तो उचलला. तिने अर्धाच हंडा भरून आणला की रामनाथही तेच म्हणायचा.

"चांगुणा, लाथ घाल लवकर," जोमा कण्हत म्हणाला. "जीव चाललाय माझा."

ती सावकाश बाजेभोवती फिरली. त्याचा सदरा वर करून तिने पाठ पाहिली.

"कुठं दुखतंय?"

"कमरेत. आणि कुठं?"

"मला तं काय दिसत न्हाय. सूज न्हाय, रगत न्हाय." तिने जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "तुमाला दिसतंय का कुनाला?"

एकजण हसला. बाकीचे हसले नाहीत, तसं त्याने हसू आवरलं.

"सोंग तं करीत न्हाय ना, मुकादम?"

"चांगुणा!" रामनाथ दबक्या आवाजात म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कुडाला टेकवलेली माती भरलेली टोपली तिने पायाने पुढे सरकवली. "ही उचलून दाखव. मंग घालते लाथ."

जोमाला राग आला. तो रागाच्या भरातच बाजेवरून उतरला, पण टोपलीला हात लावायच्या आत ओरडला आणि दोन्ही हातांवर पडला. तोंडातून लाळ गळू लागली. त्याला धरायला एकजण पुढे आला, तशी चांगुणा म्हणाली, "हात लावू नको."

तो माणूस थांबला. ती थांब म्हणाल्यावर मुकादमाचा माणूस थांबतो, हे तिला नवीन होतं. तिला ते आवडलं.

"आता सांग. मी सोंग करीत व्हते?"

"न्हाय."

"मोठ्यानं बोल. मागं उभी हायेत त्यांना ऐकू गेलं पायजे."

"न्हाय!" जोमाचं कपाळ जमिनीला टेकलं होतं. "सोंग नव्हतं. मला ठावं व्हतं. फळीच्या कडेवर तू आपटलीस, त्याचा आवाज मी ऐकला. भरती निघून चालली व्हती, पडाव भरायचा व्हता... आता घाल बाय लाथ. पाया पडतो."

रामनाथ मान खाली घालून उभा होता.

चांगुणाने खांब धरला आणि पाय उचलला. तिची कळ मांडीतून खाली गेली, तरी तिने टाच बरोबर त्याच्या कमरेच्या खळग्यावर ठेवली. जोमाने श्वास सोडला. सगळं अंग सैल करून तो वाट पाहू लागला. तिने त्याला थोडी वाट पाहू दिली.

मग पाय काढून घेतला.

"न्या याला."

"अगं, आणि लाथ?" कुणीतरी विचारलं.

"लाथ न्हाय." ती जोमाच्या बाजूला आली, त्याला चेहरा दिसेल अशी उभी राहिली. "नीट ऐक. गादीवर झोपू नको, भुईवर झोप. उठायचं तं आधी कुशीवर वळायचं. शिंक आली की भिंत धरायची. खाली पडलेलं कायबी वाकून उचलायचं न्हाय, दुसऱ्याला सांगायचं, आणि त्यानं तोंड वाकडं केलं तं ते बघून गप बसायचं. सवय व्हते. मला झाली."

जोमा रडू लागला. त्याला बाजेवर घेताना तो दोनदा ओरडला. बाज उचलायची वेळ आली तेव्हा रामनाथ पुढे झाला नाही. दुसऱ्याने बाजेचा तो पाय धरला आणि बाज गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. माणसं एकेक करून पांगली.

रामनाथ अंगणातच उभा राहिला. तो म्हणाला, "लय दुखतं का गं?"

असं त्याने कधीच विचारलं नव्हतं. चांगुणा दोन्ही हातांनी कंबर धरून उंबरा चढली आणि वळली.

"विचारीत ऱ्हा," ती म्हणाली. "कवातरी सांगेन."