थोरल्याचा आवाज

“पाठ केल्यासारखं बोलू नकोस,” बाप स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कुजबुजला. “गेल्या रविवारी तू ‘आई, कशी आहेस’ म्हणालास ना, तेव्हा अगदी शाळेच्या नाटकातला शिपाई वाटलास. थोरला आधी हसायचा, मग बोलायचा.”

धाकट्याने मान डोलावली. ओट्यावर टेबलफॅन ठेवला, त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. फोनवर ती जहाजाच्या इंजिनासारखी ऐकू यायची.

ही युक्ती बापाचीच. माणूस म्हणजे सिनेमाचा किडा. तीस वर्षं वीज खात्यात मीटर वाचले, पण जीव सगळा पडद्यावर. पुरस्कार मिळायला हवा होता कुणाला आणि पडला कुणाच्या गळ्यात, यावर तो ताटातलं अन्न गार होईपर्यंत बोलायचा. “रडणाऱ्याला बक्षीस देतात, गाढव कुठले! रडायला काय लागतं? समोरचा बोलत असताना जो नुसता ऐकतो आणि तरी आपली नजर त्याच्यावरून हलत नाही, तो खरा नट.” आणि रीमेक म्हटलं की त्याचं डोकंच फिरायचं. “चांगल्या सिनेमाचा रीमेक करायचाच कशाला? पडलेल्याचा करा की, तिथे सुधारायला वाव तरी असतो!”

“मग आपण काय करतोय, बाबा?” धाकट्याने विचारलं.

बाप उगाच पंख्याची वायर सारखी करत बसला.

थोरला जहाजावर नोकरीला होता; सात महिन्यांपूर्वी तो समुद्रात पडला. हाती काहीच लागलं नाही. त्याच आठवड्यात आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. बापाने परस्पर ठरवून टाकलं. दोघा भावांचा आवाज पहिल्यापासून सारखा, फोनवर मावश्या-आत्यासुद्धा फसायच्या. तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता मेलेला मुलगा स्वयंपाकघरातून फोन करायचा, आणि जिवंत मुलगा त्या वेळी कामावर गेलेला असायचा.

“आज सांगून टाकू या,” धाकटा म्हणाला. “मला नाही झेपत आता. दादा जाऊन सात महिने झाले, मी अजून धड रडलोसुद्धा नाही.”

“आणि तिचं काही बरंवाईट झालं म्हणजे?” बापाने ताजी दाढी केलेल्या गालावरून हात फिरवला. “चार वाजले. लाव फोन.”

बाप आईच्या खोलीत गेला, पाठोपाठ दार लावून घेतलं. आईचे डोळे अधू, म्हणून वाजलेला फोन तोच उचलून तिच्या कानाशी धरायचा.

धाकटा आधी हसला. मग बोलला. “आई, कशी आहेस?”

“बरी आहे रे. जेवलास का?”

“जेवलो. समुद्र शांत आहे आज. गोळ्या घेतेस ना वेळेवर? पायाची सूज उतरली का?”

“उतरली.” मग ती हळूच म्हणाली, “जपून राहा, बाळा.”

चार मिनिटांत सगळं आटोपलं. धाकट्याने पंखा बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला.

बाप बाहेर आला तो उजळलेला चेहरा घेऊन. “वा! आज जमलं बघ. ते हसू तर अगदी तेच!” त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि चक्क स्वतः चहाचं आधण ठेवलं. “जा, तू आत जा. आत्ताच कामावरून आलोय असं दाखव.”

आई उशीला टेकून बसली होती.

“दार लोटून घे,” ती म्हणाली.

त्याने दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला बसला.

“दमलास?”

“नाही गं. आज काम कमी होतं.”

तिने चाचपडत त्याचा हात शोधला आणि धरून ठेवला. “गोळ्या घेतेस का, असं थोरल्याने मला जन्मात कधी विचारलं नाही. तो आपल्याच गमती सांगायचा आणि फोन ठेवून द्यायचा. गोळ्यांची आठवण तू करतोस.”

धाकट्याने हात सोडवायला पाहिलं. “आई...”

“पहिल्याच रविवारी कळलं मला. वाटलं, आता संपलं आपलं. पण नाही मेले. दगडाचं काळीज म्हणतात ना, तसलं बसवलंय बहुतेक डॉक्टरांनी.”

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“कुणापाशी बोलू? तुझे बाबा रविवारी तेवढे माणसात येतात. आंघोळ करतात, दाढी करतात, चार घास पोटात जातात. सोमवारी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतात, तू कामावर असतोस, तुला काय दिसणार? हा फोन थांबला तर त्यांचं काही खरं नाही.” तिने आवाज आणखी उतरवला. “म्हणून पुढच्या रविवारीही कर. मी बोलेन नेहमीसारखी.”

धाकट्याला एकदम हुंदका आला, तो त्याने तोंडावर हात दाबून अडवला. स्वयंपाकघरात बाप कपबश्या मांडत कुठल्याशा जुन्या गाण्याची चाल गुणगुणत होता.

आईने त्याचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं.

“रडून घे,” ती म्हणाली. “चहा व्हायला अजून वेळ आहे.”