सरूच्या पुड्या

पुडी फाडताना सरू मुद्दाम आवाज करते, असं अनिताला वाटायचं. पेणच्या कारखान्यात दोघी शेजारी बसून गणपती रंगवायच्या. मणक्याच्या टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून सरू रोज दुपारी ती पांढरी पूड पाण्यात ढवळून प्यायची. रोह्याला औषधांच्या दुकानात कामाला असलेली तिची लेक दर रविवारी पुड्या घेऊन यायची. पोटात चांगले जंतू जातात, मग गोळ्यांनी लिव्हर बिघडत नाय, असं सरू सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

अनिताच्या मुलानं तिला कधी तापाची गोळीही आणून दिली नव्हती. त्यात मूर्तींचे डोळे आखायचं मानाचं काम मालक काळुराम सरूलाच द्यायचा. अनिताच्या वाट्याला पितांबर आणि उंदीर. रंगवता रंगवता ती तिरक्या नजरेनं बघत राहायची. सरूशी कोण हसून बोललं, तिनं डब्यात काय आणलं, सगळं.

हल्ली सरू डबा तसाच परत न्यायची. सारखी तळहात खाजवायची. लाडावलीय नुसती, अनिता मनात म्हणाली. त्या दिवशी सरू मूर्ती घेऊन दाराशी उजेडात बसली आणि तिनं सहज मान वर केली. तिच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

अनिताचा हात थांबला. सकाळीच काळुराम म्हणाला होता, सरूला जमेनासं झालं तर डोळे तू आख. अनितानं ब्रश धुतला. स्वच्छ झाला तरी धूत राहिली. सरूनं पुडी काढली.

"ऱ्हाऊ दे गो ती," अनिता म्हणाली. "डोळे पिवळे झालेत तुझे. चल डॉक्टरकडं."

"पुडी घेते ना मी. लिव्हरला काय होतंय?"

अनितानं तिला दंडाला धरून उठवलं.

गोळ्यांनी लिव्हरला सूज आली होती. पुड्यांचा थोडाफार उपयोग होतही असेल, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्या थांबवल्या आणि सरूला दाखल करून घेतलं. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं.

रोह्याहून लेक धावत आली. मी रविवारी येऊन गेले, माझ्या कसं ध्यानात आलं नाय, म्हणून रडायला लागली. अनितानं मान खाली घातली.

"तू कधीतरी बघतेस गो," खाटेवरून सरू लेकीला म्हणाली. "ही जळते माझ्यावर. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघते. मला काय ठाऊक नाय?"

मग तिनं अनिताचा हात धरला.

"परत कामावर आले की असंच बघत जा."