चार स्क्रू

प्रमिलाबाईंच्या आंघोळीची तयारी ऑपरेशनच्या तयारीसारखी चालायची. आधी वायपरने फरशी कोरडी करायची, रबरी चटई अंथरायची, दाराला आतून कडी घालायची नाही आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टुलाजवळ ठेवायचा. तीस वर्षं नर्स होत्या त्या. खुबा मोडलेलं माणूस अंथरुणाला कसं खिळतं, ते त्यांनी रोज पाहिलं होतं. म्हणून तर हेमंतच्या मागे लागून त्यांनी भिंतीला आधाराचा दांडा बसवून घेतला. त्या बहिणीकडे गेल्या असताना लेकाने काम उरकलं होतं. "आई, ड्रिल करून चार स्क्रू मारलेत. हत्ती लटकला तरी हलायचा नाही!"

आज स्टुलावरून उठताना तो दांडाच हातात आला. नशीब, त्या परत स्टुलावरच बसल्या. दांड्यामागे नुसती चिकटपट्टी होती. भिंतीला एकही भोक नव्हतं.

तिथूनच त्यांनी लेकाला फोन लावला. "हेमंत, स्क्रू कुठे आहेत रे?"

"लागलं नाही ना गं तुला?" तो गडबडला. "अगं, टाइलला भोकं दिसली की फ्लॅट बघायला येणारं गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं, म्हणून..."

"कसलं गिऱ्हाईक?"

मागून सुनेचा आवाज स्पष्ट आला, "सांगून टाक आता."

प्रमिलाबाईंनी फोन ठेवला. उठायला म्हणून सवयीने हात भिंतीकडे गेला आणि गुळगुळीत टाइलवरून घसरत खाली आला.