निळ्या रेषेच्या आतलं घर

"कुणाला खरं वाटायचं नाही ताई, पण पूर माझ्या उंबऱ्याशी आला, चपला काढून उभा राहिला आणि माघारी गेला," गेनूतात्या मोजणीदार मंजिरीला म्हणाले.

नदीचे छेद, म्हणजे जागोजागची रुंदी-खोली, मोजून झाले की मोजणीवाले नदीला पहाटे झोपवत. मग तिला शंभर वर्षांतला सर्वांत मोठा पूर स्वप्नात दिसे. धुक्यासारखं ते पाणी गावात शिरे, खिडक्यांतून मासे तरंगत जात. ते जिथवर पोचे, तिथवर सगळ्याला निळा रंग राही. निळं झालेलं घर सोडावं लागे. तात्यांनी तर घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं.

त्यांच्या भिंतीला ताजा चुना होता. मंजिरीने मोजणीची दांडी टेकवली, तात्यांकडे निरखून पाहिलं.

"तात्या, भिंत पांढरी केलीत, पण मिशी निळीच राहिली की!"