कॉन्सेप्टा आंटीचा मासा

कांदिवलीच्या आमच्या गावठाणात लग्न असो की बाप्तिस्म्याचं जेवण, मम्मा आपली स्टीलची ताटं फुकट द्यायची. अट एकच, ज्याने खाल्लं त्याने आपलं ताट स्वतः घासायचं. वापरून फेकायच्या प्लेटा कुठे दिसल्या, तर ती न जेवता, यजमानाला चार शब्द सुनावून घरी यायची.

ती अंथरुणावर असताना गावठाणाचं मंडळ एकदाही फिरकलं नाही. ती गेल्यावर मात्र त्यांनी तिच्या स्मरणार्थ चौकात प्लास्टिकच्या प्लेटा-चमच्यांचा भलामोठा मासा उभारला. खाली तिचं नाव, ‘कॉन्सेप्टा आंटी’, वर ‘कचरा टाळा’. उद्घाटनाला मी मुलुंडहून सासरच्या माणसांना घेऊन गेले. राग गिळून म्हटलं, उशिरा का होईना, तिचं म्हणणं पटलं यांना.

“कसा वाटला?” मंडळाच्या शेर्विनने विचारलं.

“छान आहे. पण शेर्विन, मम्मा असताना इथे असली एक प्लेट सापडायची नाही. एवढ्या आणल्यास कुठून?”

“तोच तर वांधा झाला ना यार! अख्खं गावठाण पालथं घातलं, शेपटीपुरत्यासुद्धा मिळेनात. आर्टिस्ट बोलला, वापरलेल्याच पाहिजेत, नव्या चालणार नाहीत.”

“मग?”


“मग काय, रविवारी आंटीच्या नावाने सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि एकेकाला दोन-दोन प्लेटा दिल्या.”