ड्वेनला न्यायला

"नवऱ्याचं नाव बायकोला बंदीच्या यादीत घालता येत नाही," केल्विन म्हणाला. "ज्याला स्वतःवर जुगाराची बंदी हवी, त्यानंच यायचं आणि त्यानंच सही करायची. नाहीतर सगळ्या सासवा जावयांची नावं घालून मोकळ्या होतील, बाई."

लोरेटा हसली नाही. केल्विन राज्य सरकारचा माणूस. कॅसिनोतच, कोट ठेवायच्या खोलीमागं, त्याला एवढंसं ऑफिस दिलेलं होतं. भिंतीपलीकडून जुगाराच्या यंत्रांची किणकिण येत होती. तिचा नवरा ड्वेन कामावरून सुटल्यापासून तिथंच बसला होता.

"मग माझं घाला," ती म्हणाली.

"तुम्ही खेळता?"

"कधीच नाही."

"अहो, मग कशाला? हे खेळणाऱ्यांसाठी आहे."

"असं कुठं लिहिलंय?"

केल्विननं अर्ज उलटसुलट करून पाहिला. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. अर्ज तयार करणाऱ्याच्या डोक्यातच ते आलं नसणार.

"मी त्याला न्यायला येते," लोरेटा म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तसा तिचा आवाज होता. "खिसा रिकामा झाला की त्याचा फोन येतो. मी इन्सुलिन घेऊन येते, सँडविच घेऊन येते. गाडीत घालून घरी नेते. सकाळी त्याच्या साहेबाला सांगते, ताप आलाय म्हणून. मी येते म्हणून तर तो निर्धास्त बसतो."

"मग येऊ नका ना."

"करून बघितलं. फोन वाजला की हात किल्लीकडे जातो. एकदा किल्ली शेजारणीकडे देऊन ठेवली. तर चालत आले, पुलावरून, बर्फात. ड्वेनला विचारा, तो म्हणेल, मनात आणलं तर उद्या सोडीन. मी तसं म्हणत नाही. मला नाही सोडता येत."

केल्विननं अर्ज पुढं ओढला. त्या खुर्चीत बसून माणसं रडायची, शिव्या द्यायची, देवाच्या शपथा घ्यायची. ही नुसती बसली होती. त्याला तिची दया आली, आणि थोडी भीतीही वाटली.

"मला विचारावं लागतं," तो म्हणाला. "कुणी जबरदस्ती केलीय?"

"नाही."

"आज दारू घेतलीय?"

"आमच्या चर्चमध्ये प्रसादालासुद्धा वाइनच्या जागी द्राक्षाचा रस देतात."

"बरं. पाच वर्षं की आयुष्यभर?"

"आयुष्यभराची घेतली, आणि त्याला आत काही झालं तर? साखर उतरली, पडला बिडला तर?"

"आमची माणसं ॲम्ब्युलन्स बोलावतील. तुम्हाला आत येता येणार नाही. आलात तर मला पोलीस बोलवावे लागतील. या राज्यातल्या कुठल्याच कॅसिनोत पाय टाकायचा नाही. शुक्रवारी इथं मिळणारे तळलेले मासे खायलासुद्धा नाही."

लोरेटा टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. आता काहीतरी वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. काहीच वाटलं नाही.

"इन्सुलिन आज त्याच्या डब्यात ठेवलंय," ती म्हणाली. "टोचून घ्यायचं त्याचं त्यानं. आयुष्यभर लिहा."

तिनं सही केली. केल्विननं फोटो काढला. हसलं नाही तरी चालतं, असं तो म्हणाला, तेव्हा तिनं मान हलवली.

बंदी घेतलेल्या माणसाला दाराबाहेर सोडून यायचा नियम होता. केल्विननं फोन केल्यावर रस्टी नावाचा म्हातारा रक्षक आला आणि दारातच थांबला.

"कुणाला न्यायचंय?"

केल्विननं लोरेटाकडे बोट दाखवलं.

"चेष्टा करू नका साहेब. या तर आमच्या वहिनी. दर शुक्रवारी ड्वेनची वरात काढतात इथून."

"आजपासून नाही काढणार," लोरेटा म्हणाली.

रस्टीचं तोंड उतरलं. "वहिनी, मग त्याला नेणार कोण?"

लोरेटानं पर्स उचलली.

बाहेरच्या दाराकडे जायची वाट यंत्रांमधूनच होती. बारवाल्या पोरीनं हात केला, लोरेटानंही केला. तिसऱ्या रांगेत ड्वेन पाठमोरा बसला होता. यंत्राच्या काचेत त्याला ती दिसली असावी.

"आलीस? हा एवढा एकच, लोरी," तो म्हणाला. "आज तरी मोहरी घातलीयस ना सँडविचमध्ये?"

वळून त्यानं पाहिलं नाही. नेहमीसारखा डावा हात तेवढा मागं केला. दर वेळी खुर्चीच्या पाठीवरचं त्याचं जाकीट उचलून ती त्याच्यासमोर बाही धरायची. तो एक हात आत घालायचा, दुसऱ्या हातानं खेळत राहायचा. मग दुसरी बाही. असं करत करत तो एकदाचा उठायचा. जाकीट आताही तिथंच होतं, तिच्या हाताच्या अंतरावर.

लोरेटाचे पाय थांबले.

"वहिनी, चला," रस्टी हळूच म्हणाला. "इथं थांबलात तर मला पोलिसांना कळवावं लागेल."

ती चालू लागली. रस्टीनं दार उघडून धरलं. ती बाहेर पडली आणि गाड्यांच्या रांगेकडे सरळ चालत गेली.

दार लावता लावता रस्टीनं आत वळून पाहिलं. ड्वेनचा उजवा हात बटण दाबत होता. डावा हात अजून मागंच होता, बाही शोधत.